गाठ एक, जाती अनेक

वाचकहो, घरातल्या बाईच्या स्तनात गाठ निघाली आणि डॉक्टरांनी 'कर्करोग' हा शब्द उच्चारला, की घरची माणसे पहिला प्रश्न विचारतात तो हा : "आता किती दिवस?" प्रश्न स्वाभाविक आहे. पण त्याला एकच उत्तर नाही, कारण स्तनाचा कर्करोग हा एकच रोग नव्हे. ही साधी वाटणारी गोष्ट पुरती उमगायला वैद्यकशास्त्राला शंभर वर्षे लागली. त्या शंभर वर्षांची हकीकत आज तुम्हांला सांगायची आहे.

अमेरिकेत बाल्टिमोर शहरी विल्यम हॉल्स्टेड नावाचे नामांकित शल्यवैद्य होते. १८९४ साली त्यांनी आपली शस्त्रक्रिया जगापुढे मांडली. सगळा स्तन, त्याखालचे छातीचे स्नायू आणि काखेतल्या गाठी, सारे एकदम काढायचे. रोग एका जागी उगवतो आणि तिथून पायरीपायरीने पसरतो, तेव्हा जितके खोल खणावे तितकी मुळे निघतील, असा त्यामागचा विचार. ही पद्धत पाऊणशे वर्षे चालली. पण एक कोडे काही सुटेना. लहानशी गाठ काढलेली एखादी बाई दोन वर्षांत दगावे, आणि मोठ्या गाठीची दुसरी वीस वर्षे संसार करी. असे का व्हावे? पुढे १९७१ साली बर्नार्ड फिशर यांनी अमेरिकेत मोठी चाचणी सुरू केली. तिच्यात दिसून आले, की जास्त कापले म्हणून आयुष्य वाढते असे नाही.

भातशेती करणाऱ्याला हे कोडे फार अवघड वाटायचे नाही. तरव्यात हळवे, निमगरवे आणि गरवे भात सारखेच हिरवेगार दिसते. पण हळवे लवकर निसवते, आणि गरवे दिवाळीनंतरही शेतात उभे असते. रोपाच्या उंचीवरून हे कळत नाही, जात विचारावी लागते. गाठीचेही तसेच आहे.

ही जात ओळखण्याची एक सोपी रीत इंग्लंडमधल्या ब्लूम आणि रिचर्डसन यांनी १९५७ साली घालून दिली. त्यांनी १४०९ रुग्णांच्या गाठींचा अभ्यास केला. गाठीचा पातळ काप सूक्ष्मदर्शक यंत्राखाली धरायचा आणि तीन गोष्टी पाहायच्या. पेशी अजून नीट नळ्यांसारख्या मांडलेल्या आहेत का? पेशींची केंद्रे एकसारखी आहेत की वेडीवाकडी? आणि किती पेशी दुभागत आहेत? प्रत्येक गोष्टीला एक ते तीन गुण. शिक्षक मंडळींना ही पद्धत ओळखीची वाटेल, फक्त इथे कमी गुण मिळालेले बरे! बेरीज जितकी कमी तितकी गाठ धिमी, आणि तितके रुग्णाचे आयुष्य अधिक, असे आढळले. त्याच मंडळींनी १९६२ साली लंडनच्या मिडलसेक्स रुग्णालयातल्या जुन्या नोंदी तपासल्या. उपचार न मिळालेल्या २५० स्त्रियांपैकी १८ टक्के पाच वर्षांनंतरही हयात होत्या. उरलेल्या ८२ टक्के मात्र गेल्या, हेही विसरू नका. वाट पाहणे हा उपाय नव्हे.

वेग कळला, पण गाठ कशावर पोसते हे कळले का? त्याचा धागा सापडला होता तो गाईम्हशी पाळणाऱ्यांच्या अनुभवात, आणि तोही कितीतरी आधी. ग्लासगोचे डॉक्टर जॉर्ज बीटसन यांनी तरुणपणी दुधाच्या स्रावावर प्रबंध लिहिला होता. तेव्हा त्यांच्या कानी आले, की काही देशांत गाय व्याल्यावर तिचे अंडाशय काढतात, म्हणजे ती पुष्कळ दिवस दूध देत राहते. अंडाशयाचा आणि स्तनाचा काही तरी संबंध असलाच पाहिजे, हे त्यांनी ताडले. १८९५ साली, रोग हाताबाहेर गेलेल्या ३३ वर्षांच्या एका स्त्रीचे अंडाशय त्यांनी काढले. काही महिन्यांत तिच्या गाठी विरल्या आणि ती पुढे सुमारे चार वर्षे जगली. इतरांनीही हा उपाय करून पाहिला. गुण येई तो साधारण तिघींतल्या एकीला. तिलाच का आणि दोघींना का नाही, हे कुणालाच सांगता येईना.

उत्तर मिळाले ते शिकागोच्या एल्वुड जेन्सन यांच्या प्रयोगशाळेत, १९५८ नंतरच्या काळात. अंडाशयातून ईस्ट्रोजेन नावाचे संप्रेरक रक्तात उतरते. काही पेशींत ते धरून ठेवणारा एक पदार्थ असतो, त्याला रिसेप्टर म्हणतात. ज्या गाठीत हा रिसेप्टर आहे ती ईस्ट्रोजेनवर पोसते, तेव्हा ते तोडले की ती सुकते. ज्या गाठीत तो नाही तिला त्याचे सोयरसुतक नाही. १९६२ साली इंग्लंडमध्ये टॅमॉक्सिफेन नावाचे औषध तयार झाले होते, खरे म्हणजे संततिनियमनासाठी. त्या कामी ते फसले. पण गाठीतला हा रिसेप्टर अडवण्यात ते यशस्वी ठरले, आणि अंडाशय काढण्याचे काम पुष्कळ ठिकाणी गोळीने होऊ लागले.

१९८७ साली लॉस एंजेलिसच्या डेनिस स्लेमन यांनी आणखी एक जात दाखवली. काही गाठींत 'हर-टू' नावाचे जनुक गरजेपेक्षा फार वाढलेले असते आणि त्या झपाट्याने फोफावतात. ही जात म्हणजे वाईट लक्षण, असेच तेव्हा दिसले. पण १९९८ साली अमेरिकेत तिच्यावर नेमके औषध, ट्रास्टुझुमाब, मान्य झाले आणि त्या स्त्रियांचे भवितव्य पालटले. उपाय सापडला की वाईट जातीचेही नशीब फिरते, ते असे.

ईस्ट्रोजेन, प्रोजेस्टेरॉन आणि हर-टू या तिन्हींपैकी एकही खूण नसलेली जात 'ट्रिपल निगेटिव्ह' होय. आपल्या देशात ती पाश्चात्त्य देशांपेक्षा अधिक आढळते. पहिली काही वर्षे तिचा धोका मोठा असतो, पण ती पार पडली की तो पुष्कळ ओसरतो. उलट ईस्ट्रोजेनवर पोसणारी जात सौम्य खरी, पण दहा-पंधरा वर्षांनीही उलटू शकते. म्हणून बरे वाटले की गोळ्या बंद, असे करू नये.

जात आपल्या हाती नाही, वेळ मात्र आहे. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयाने १९९८ पासून दीड लाखाहून अधिक स्त्रियांची चाचणी वीस वर्षे चालवली. शिकवून तयार केलेल्या आरोग्यसेविकांनी निम्म्या गटात केवळ हाताने स्तन तपासले. त्या गटातल्या पन्नाशीवरच्या स्त्रियांमध्ये या रोगाचे मृत्यू जवळजवळ ३० टक्क्यांनी घटले.

तेव्हा बायांनो, गाठ दुखत नाही म्हणून लपवू नका, आणि पुरुषांनो, लाजेपायी तिला थांबवू नका. निदान झाले तर "किती दिवस?" असे विचारण्याआधी तीन प्रश्न विचारा : गाठीची प्रत कोणती? ईआर, पीआर आणि हर-टू यांची तपासणी झाली का? रोग कुठवर पसरला आहे? त्या तपासणीचा कागद सातबाऱ्याच्या उताऱ्यासारखा जपून ठेवा. उपचार ठरायचा तो त्याच्यावरून. शिक्षकांनी आणि ग्रामसेवकांनी एवढे गावाला समजावून सांगितले, तरी कर्करोग म्हणजे सगळे संपले, ही समजूत पुष्कळशी दूर होईल.