सौ. लक्ष्मीबाईंची चूल

दानाचा विषय निघाला की मंदिरे, धर्मशाळा आणि संगमरवरावर कोरलेली दात्यांची नावे आठवतात. साताऱ्यातील एका चुलीचे स्मरण मात्र क्वचितच होते. कुंभोजच्या दिगंबर जैन कुटुंबात जन्मलेल्या कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ मध्ये काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन केली व १९२४ मध्ये साताऱ्यात सर्व जातिधर्मांच्या मुलांसाठी वसतिगृह उघडले. याच भाऊरावांना विद्यार्थिदशेत अस्पृश्य मुलांच्या वसतिगृहाच्या समारंभास गेल्यामुळे कोल्हापूरचे जैन बोर्डिंग सोडावे लागले होते, हेही समाजाने विसरू नये.

वसतिगृहाचा संसार सांभाळला तो त्यांच्या पत्नी सौ. लक्ष्मीबाईंनी. सोवळ्याओवळ्याच्या संस्कारांत वाढलेल्या या माउलीने सर्व जातींच्या मुलांना एकाच मायेने जेवू घातले, त्यांची दुखणीखुपणी काढली. आहारदान व औषधदान शास्त्रात वाचणे सोपे. रोज पहाटे चूल पेटवणे अवघड. अंगावरचे दागिने एकेक करून गेले. भाऊराव परगावी असताना धान्य संपले, तेव्हा त्यांनी गळ्यातले मंगळसूत्रही उतरवून दिले; त्या दिवशीही मुले जेवली. १९३० मध्ये त्यांचे निधन झाले. संस्थेचा पुढील विस्तार त्यांना पाहता आला नाही.