पंधरातले आठ रुपये

थोर पुरुषांची चरित्रे वाचताना मला एक खोड लागली आहे. त्यांनी गाजवलेल्या परिषदा आणि सभा मी भराभर उलटतो, आणि शिक्षणाचे प्रकरण आले की थांबतो. ‘घरची अत्यंत गरिबी असूनही त्यांनी उच्च शिक्षण पुरे केले’ असे एक वाक्य तिथे बहुधा असतेच. ते वाचले की माझ्यातला कारकून जागा होतो. शिक्षण पुरे केले हे ठीक. पण पैसे कुणी भरले? फी, खाणावळ, पुस्तके, दिव्याचे तेल हे सारे कुणाच्या गाठीचे गेले? चरित्रकार या प्रश्नाला एखाददुसरी ओळ देतो आणि आपल्या नायकाला घेऊन पुढे निघतो. त्या ओळींवर बोट ठेवून बसायचे आज माझ्या मनात आहे. दिवाळीत व्यापारी वह्यांची पूजा करतात, आणि वसतिगृहात राहणारे चिरंजीवही याच दिवसांत घरी येऊन, फराळाचे ताट पुढ्यात असताना, पुढच्या फीचा विषय हळूच काढतात. तेव्हा हिशेबाची वही उघडायला मुहूर्त काही वाईट नाही.

पहिले पान गोपाळ कृष्ण गोखल्यांचे. जन्म १८६६ चा, रत्नागिरी जिल्ह्यातल्या कोतळूकचा. वडील कृष्णराव कोल्हापूरजवळच्या कागलच्या जहागिरीत नोकरीला होते आणि थोरला गोविंद व धाकटा गोपाळ हे दोघे भाऊ कोल्हापुरास शिकत होते. १८७९ साली वडील वारले. गोपाळ तेव्हा तेरा वर्षांचा. थोरला गोविंद अठराच्या आसपास. म्हणजे आजच्या हिशेबाने कॉलेजची पायरी चढण्याच्या वयाचा. त्याने पुस्तके मिटली आणि कागलातच नोकरी धरली. पगार दरमहा पंधरा रुपये. त्यांतले आठ रुपये तो दर महिन्याला कोल्हापुरास गोपाळकडे पाठवू लागला.

हे आकडे चरित्रातून सहज निघून जातात, पण कागदावर मांडून पाहा. पंधरातून आठ गेले, राहिले सात. त्या सातांत गोविंदरावांचा स्वतःचा संसार आणि आईचे व भावंडांचे पाहणे. ज्याला ‘शिकणारा मुलगा’ म्हणतात त्या एकट्याच्या वाट्याला निम्म्याहून जास्त, आणि कमावणाऱ्यासकट बाकी साऱ्या घराच्या वाट्याला निम्म्याहून कमी! आपल्याकडच्या कित्येक घरांनी पुढे शंभर वर्षे याच प्रमाणात पगार वाटला आहे. आमच्या घरी आजोबांच्या ट्रंकेत मनीऑर्डरीच्या पावत्यांचा एक जुडगा सुतळीने बांधलेला होता. त्यांनी धाकट्या भावाला पाठवलेल्या पैशांच्या त्या पावत्या. आजोबा स्वतः सातवीच्या पुढे गेले नाहीत. भाऊ ओव्हरसियर झाला. त्याचा फोटो बैठकीत होता, पावत्या ट्रंकेत होत्या.

आठ रुपये येत, पण ते ऐसपैस नव्हते. गोपाळ हाताने स्वयंपाक करी आणि पै पै जपून वापरी. एकदा एका मित्राने त्याला नाटकाला नेले. गोपाळला वाटले, मित्राने प्रेमाने नेले. काही दिवसांनी मित्राने तिकिटाचे दोन आणे मागितले. गोपाळने मुकाट्याने दिले, आणि ती तूट भरून काढण्यासाठी दिव्याचे तेल बंद करून रस्त्यावरच्या कंदिलाखाली अभ्यास केला. ही गोष्ट शाळेत आपल्याला गोखल्यांच्या सचोटीचे उदाहरण म्हणून सांगत. मला तीत गोविंदराव दिसतात. दोन आण्यांसाठी तेल बंद करणाऱ्या मुलाला तो पैसा कुणाच्या ताटातून आला आहे हे पक्के ठाऊक होते.

१८८१ साली गोपाळ मॅट्रिक झाला. इथे खरा पेच आला. मॅट्रिक झालेल्या मुलाला त्या काळी कचेरीत चिकटता येई. गोपाळचे लग्नही चौदाव्या वर्षीच होऊन गेलेले. तो म्हणाला, आता पुरे, मी नोकरी करतो, दादावर भार नको. समंजस मुलगा असेच म्हणणार. गोविंदराव ऐकेनात. आणि त्यांच्याहून कणखर निघाली ती त्यांची बायको. दिराने कॉलेजात गेलेच पाहिजे, असा तिने आग्रह धरला आणि अंगावरचे दागिने पुढे केले.

दागिना म्हणजे त्या काळच्या बाईचे काय होते, हे आज सांगितल्यावाचून कळायचे नाही. जमीन दिराभावजयांच्या नावे नाही तर सासऱ्याच्या नावे, पगार नवऱ्याचा, घर सगळ्यांचे. तिच्या एकटीचे म्हणावे असे तेवढेच. वैधव्य, आजारपण, दुष्काळ यांच्या तोंडावर टाकायला ठेवलेले. गोविंदरावांच्या पत्नीने ते खर्ची घालायला काढले, तेही पोटच्या मुलासाठी नव्हे, दिरासाठी. चरित्रांतून ती आपल्याला भेटते ती ‘वहिनी’ म्हणून. एक-दोन ओळी, आणि पडद्याआड.

गोपाळ कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात गेला, तिथून पुण्यास डेक्कन कॉलेजात आणि मग मुंबईस एल्फिन्स्टनमध्ये. कोल्हापूरला आगगाडी आली ती १८९१ साली. तेव्हा हा प्रवास निदान निघताना तरी बैलगाडीचाच. एल्फिन्स्टनमध्ये त्याला महिना वीस रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली. म्हणजे विद्यार्थी गोपाळची मिळकत कमावत्या गोविंदरावांनी ज्या पगारावर नोकरी धरली होती तिच्यापेक्षा पाच रुपयांनी वर गेली! १८८४ साली, अठराव्या वर्षी, तो बी. ए. झाला. त्याच वर्षी एल्फिन्स्टनमधून बी. ए. झालेले दुसरे एक कोकणचे विद्यार्थी म्हणजे धोंडो केशव कर्वे. ते गोखल्यांहून आठ वर्षांनी मोठे. त्यांनी शिकवण्या करकरून वाट काढली होती.

आता वसुलीचे पान. गुंतवलेला पैसा परत येतो की नाही, हे कुठलाही सावकार विचारील. मग घराने का विचारू नये? या बाबतीत आगरकरांची गोष्ट सर्वांना माहीत आहे. कऱ्हाडजवळच्या टेंभूचा हा मुलगा. शिक्षणासाठी वणवण करीत अकोल्याहून मॅट्रिक झाला आणि डेक्कन कॉलेजात पोहोचला. अंगात एकच सदरा. रात्री धुवून वाळत टाकायचा, सकाळी तोच चढवायचा. एम. ए.पर्यंत आल्यावर त्यांनी आईला पत्र लिहिले. मुलगा मोठाल्या परीक्षा देतो आहे, आता मोठ्या पगाराची जागा मिळेल आणि आपले पांग फिटतील, असे मनोरथ तू करीत असशील, पण मी पोटापुरत्या पैशावर राहून बाकीचा वेळ लोकांच्या कामी लावणार आहे, असा त्या पत्राचा मतलब. पत्र थोर आहे यात शंका नाही. परंतु ते वाचताना मी नेहमी टेंभूच्या त्या घरात जाऊन बसतो. ते पत्र आले त्या दिवशी चुलीपुढे काय बोलणे झाले असेल? मला विचाराल तर त्या पत्रातला त्याग निम्मा आगरकरांचा. उरलेला निम्मा आईचा, आणि तिला कुणी विचारलेले नव्हते.

गोखल्यांचेही तेच झाले. भाऊ वकील होईल, मोठा अंमलदार होईल, ही गोविंदरावांची आशा काही गैर म्हणता येणार नाही. गोपाळराव १८८५ साली न्यू इंग्लिश स्कूलमध्ये पस्तीस रुपयांवर शिक्षक झाले, आणि पुढल्याच वर्षी डेक्कन एज्युकेशन सोसायटीचे आजीव सभासद. वीस वर्षे सेवेची शपथ, पगार पंच्याहत्तर रुपये. सरकारी नोकरीतल्या बढत्यांचा, वकिलीतल्या मिळकतीचा दरवाजा आपल्या हाताने लावून घेतला. थोरल्या भावाने अखेर होकार दिला. वहिनींच्या दागिन्यांतून शेवटी देशाला माणूस मिळाला हे आपण आज मोठ्या अभिमानाने म्हणतो. पण दागिने देशाचे नव्हते.

इथवर जी घरे पाहिली त्यांना एक आधार होता, तो विसरता कामा नये. ब्राह्मणाच्या मुलाला परगावी वार लावता येत. सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या. सात घरे मिळाली की आठवडा निघाला. नाही तर माधुकरी होती. मानहानी होई, आमटी पातळ होई, यजमानीणबाईंच्या कपाळावर आठी दिसे, हे सारे खरे. तरी जेवणाचा पैसा वाचे, आणि गरीब घराला मुलगा शहरात ठेवायचा तर मुख्य खर्च तोच. मराठा, जैन, लिंगायत, मुसलमान शेतकऱ्याच्या मुलाला पुण्यात किंवा कोल्हापुरात कोण वार देणार? अस्पृश्यांच्या मुलाला तर पाणी कोण देणार? शाहू महाराजांनी १९०१ साली कोल्हापुरात मराठा विद्यार्थ्यांचे बोर्डिंग काढले आणि पुढे एकामागून एक निरनिराळ्या जातिधर्मांची वसतिगृहे उभी केली, त्याचे मर्म या जेवणाच्या हिशेबात आहे. शाळा होत्याच, ताट नव्हते. भाऊराव पाटलांनी साताऱ्यास १९२४ साली सर्व जातींच्या मुलांचे बोर्डिंग चालवायला घेतले तेव्हाही अडचण ताटाचीच होती. एकदा धान्याला पैसा उरला नाही तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी गळ्यातले मंगळसूत्रसुद्धा काढून दिले. इथे दीर नव्हता, नातेही नव्हते. दुसऱ्यांची, नाना जातींची पोरे होती.

शेवटचे पान मुंबईचे, परळच्या चाळीतले. सुभेदार रामजी सकपाळ सैन्यातून निवृत्त झालेले, तिथल्या शाळेत मास्तरकी केलेले. पेन्शन बेताचे, घरात माणसे पुष्कळ. दोन मुलगे शिकवणे झेपेना, तेव्हा थोरल्या आनंदरावांना शाळा सोडून कामाला लागावे लागले आणि धाकटा भीमराव शाळेत राहिला. गोविंदराव गोखले आणि आनंदराव यांची घरे जातीने, प्रांताच्या रिवाजाने, गावकुसाच्या भिंतीने एकमेकांपासून किती दूर! पण थोरला उठतो आणि धाकटा बसतो, हा नियम दोन्हीकडे एकच.

खोली एक. तिथेच स्वयंपाक, तिथेच सरपण, तिथेच निजणे. उशाशी जाते, पायथ्याशी बकरी. मुलाला अभ्यासाला शांतता मिळावी म्हणून रामजींनी एक तोड काढली. भीमरावाला संध्याकाळी लवकर निजवायचे, आपण रात्री दोनपर्यंत जागत बसायचे, मग त्याला उठवून आपण त्याच्या जागेवर आडवे व्हायचे. खोलीत जागा एकाचीच होती, ती बापाने आणि मुलाने पाळी लावून वापरली.

आणि पुस्तके. मुलाला अभ्यासाबाहेरच्या पुस्तकांचे वेड. मुलाने पुस्तक मागितले की रामजी डोक्याला पागोटे घालून बाहेर पडत ते लग्न होऊन मुंबईतच नांदणाऱ्या लेकींकडे. धाकटीपाशी रोकड असली तर ठीक. नसली तर थोरलीकडे जायचे आणि तिच्या अंगावरचा एखादा डाग मागून घ्यायचा. तो मारवाड्याकडे गहाण पडे, पुस्तक घरी येई. पेन्शन झाली की रामजी डाग सोडवून लेकीला परत नेऊन देत. आणि पुढच्या पुस्तकाच्या वेळी पुन्हा तोच रस्ता. मोडलेला दागिना एकदाच रडवतो. गहाणाचा दागिना दर खेपेला काढावा लागतो, आणि तो काढून देताना सासरच्या माणसांच्या तोंडाकडेही पाहावे लागते. बापाने लेकीला लग्नात द्यायचे, ते बापच दाराशी येऊन मागतो आहे, कशासाठी, तर भावाच्या पुस्तकासाठी! त्या लेकींना स्वतःला पुस्तकाची वाट कुणी दाखवली नव्हती. मुंबई विद्यापीठाची पहिली स्त्री पदवीधर, कॉर्नेलिया सोराबजी, १८८८ साली झाली होती. पण ती बातमी परळच्या चाळीपर्यंत पोहोचायला फार वर्षे लागायची होती.

१९०७ साली भीमराव मॅट्रिक झाला. कौतुकाची सभा झाली, कृष्णराव अर्जुन केळुसकरांनी आपले बुद्धचरित्र भेट दिले. रामजींनी मुलाला एल्फिन्स्टन कॉलेजात घातले, पण खर्च पुढे रेटेना. केळुसकर मध्ये पडले आणि बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी दरमहा पंचवीस रुपयांची शिष्यवृत्ती दिली. लेकींचे डाग त्या पंचविसांनी सोडवले असतील, निदान मी तरी तसे समजून चालतो.

१९१२ साली मुलगा बी. ए. झाला. १९१३ च्या जानेवारीत बडोद्यास नोकरीवर गेला, आणि पंधरवडा होतो न होतो तोच वडील अत्यवस्थ असल्याची तार आली. परतताना तो सुरतेला वडिलांसाठी मिठाई घ्यायला उतरला, तेवढ्यात गाडी सुटली. दुसऱ्या गाडीने पोहोचला तेव्हा रामजींचे डोळे दारालाच लागलेले होते. त्यांनी मुलाच्या पाठीवरून हात फिरवला. तारीख होती २ फेब्रुवारी. त्याच वर्षी जूनमध्ये बडोदे सरकारशी करार झाला: परत आल्यावर दहा वर्षे संस्थानची नोकरी करायची. शिष्यवृत्ती महिना साडेअकरा पौंड. जुलैत भीमराव रामजी आंबेडकर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. या खेपेला लेकीच्या दाराशी कुणाला जावे लागले नाही.