न्हाणीघराची भिंत आणि तिच्यावरची खुंटी

घरातील सर्वांत अधिक जाच सोसणारी भिंत कोणती, असे विचारले तर उत्तरासाठी दूर जावयास नको. दिवाणखान्याची भिंत तसबिरी मिरवते, स्वयंपाकघराची धूर खाते. पण न्हाणीघराची भिंत रोज भिजते, रोज वाळते, घटकेत कढत तर घटकेत गार पाणी अंगावर घेते. इतके करूनही आरसा, टॉवेलाची दांडी, साबणदाणी आणि पाण्याने भरलेला गीझर हे सर्व तिने निमूटपणे वागवावे, अशी आपली अपेक्षा असते. पाणी आत येऊ देऊ नकोस आणि खिळा मात्र घट्ट धर, अशा या दोन आज्ञा आहेत. आणि खिळा म्हटला की भोक आले, भोक आले की पाण्याला वाट मिळाली. या दोन आज्ञांचा मेळ घालण्याची खटपट फार जुनी आहे, आणि श्रोत्यांना वाटते त्याहून ती अधिक मनोरंजक आहे.

प्रथम पाण्याचे पाहू. मोहेंजोदारो येथे १९२० नंतरच्या दशकात जे उत्खनन झाले त्यात एक मोठे स्नानकुंड सापडले. लांबी सुमारे १२ मीटर, रुंदी ७ मीटर, खोली जवळजवळ अडीच मीटर. भाजक्या विटा जिप्समच्या मसाल्यात अगदी चपखल बसवलेल्या. आणि खरी गंमत अशी की, या दर्शनी विटांच्या मागे डांबराचा एक थर दडवलेला आहे. डोळ्यांना दिसणारी भिंत निराळी आणि पाणी अडवणारी भिंत निराळी, हे तत्त्व त्या गवंड्यांना चार हजार वर्षांपूर्वीच उमगले होते. आजच्या कित्येक सदनिकांत खालच्या मजल्यावरील शेजाऱ्याच्या छताला ओल उतरते, ती बहुधा हेच तत्त्व विसरल्यामुळे. ते कसे, हे पुढे येईलच.

त्यानंतर कित्येक शतके राज्य चालले ते चुन्याचे. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकातील रोमन वास्तुविशारद व्हिट्रुव्हियस याने असे लिहून ठेवले आहे की, ओलसर भिंतीचा खालचा भाग लिंपताना चुन्यात वाळूऐवजी भाजक्या मातीचा चुरा घालावा. आपल्याकडे याच चुऱ्याला सुरखी म्हणतात. साधा चुना हवेतील कर्बवायू शोषून हळूहळू दगडासारखा होतो. पण सुरखीशी त्याचा निराळाच रासायनिक संयोग होतो आणि असा मसाला ओलीतही घट्ट बनतो. आपल्या गवंड्यांनी बैलांच्या घाणीत चुना दळला, त्यात गूळ, हिरडा, बेलफळाचा रस घातला, आणि गिलावा गुळगुळीत होईपर्यंत घोटला. मोरोक्कोतील मराकेश शहराचे कारागीर तर एक पाऊल पुढे गेले. ते चुन्याचा गिलावा ओला असतानाच दगडाने घोटतात आणि त्यावर ऑलिव्हच्या तेलाचा काळा साबण चोळतात. साबण व चुना यांच्या संयोगाने पाण्यात न विरघळणारा एक पदार्थ तयार होतो आणि भिंतीची छिद्रे बुजतात. तिकडच्या हमामखान्यांच्या भिंती अशाच आहेत. साबणाने धुण्याच्या जागेला साबणानेच चिलखत घालावे, ही कल्पना मला फार रसिकतेची वाटते.

आपल्या जुन्या वाड्यांत मात्र भिंतीला एवढे जपण्याचे कारणच नव्हते. न्हाणी असे मागच्या पडवीत किंवा परसात. खाली दगडी फरशी, बाजूला बंब, पुढे घंगाळ, आणि पाटावर बसून तांब्याने स्नान. बसलेल्या माणसाच्या अंगावरचे पाणी उडून उडून हातभर उंच उडणार! तांब्या कोनाड्यात, धोतर वलणीवर, आणि पंचा खुंटीला. ही खुंटी भिंत बांधतानाच दगडामातीत रोवली जात असे. भिंतीच्या वजनाखाली तिचे मूळ दाबलेले असे. पुढे मुंबईस १८६० साली विहार तलावाचे आणि १८९२ साली तानसाचे पाणी आले. नळ वरच्या मजल्यांवर चढले, न्हाणीघर परसातून उठून घराच्या पोटात शिरले, आणि कालांतराने माणूस उभा राहून फवाऱ्याखाली न्हाऊ लागला. स्नान बसल्याचे उभे झाले आणि भिंत एकदम पुरुषभर उंच भिजू लागली. एवढ्याशा बदलाने बांधकामाचे शास्त्रच बदलावे लागले.

या गरजेला उत्तर इंग्लंडात आधीच तयार होत होते. रिचर्ड प्रॉसर याने १८४० साली मातीची जवळजवळ कोरडी भुकटी दाबयंत्राने दाबून वस्तू घडविण्याचे पेटंट घेतले. त्याच्या डोळ्यांपुढे गुंड्या होत्या. पण हर्बर्ट मिंटन या कुंभकामाच्या कारखानदाराने त्यात लाद्यांचे भवितव्य ओळखले. ओल्या मातीची लादी वाळताना आक्रसते व वाकते. भुकटीची लादी सरळ राहते. लाद्या स्वस्त झाल्या. त्यातच रोग जंतूंमुळे होतात हे सिद्ध झाले, आणि ज्यावर मळाचा ठिपका तत्काळ दिसेल अशा पांढऱ्याशुभ्र लादीला आरोग्याची जणू सनदच मिळाली. १९०० साली उघडलेल्या पॅरिसच्या भुयारी रेल्वेच्या स्थानकांनाही पांढऱ्या लाद्याच जडवल्या गेल्या. तेथे अंधुक दिव्यांचा उजेड परावर्तित व्हावा हाही हेतू होता.

परंतु लादीविषयी एक गैरसमज आहे. तिचा चकचकीत मुलामा पाणी अडवतो हे खरे, पण भिंतीच्या साध्या लादीचे पोट सच्छिद्र असते. म्हणून तर जुने गवंडी ती सिमेंटमध्ये बसवण्यापूर्वी बादलीत बुडवून ठेवीत. दोन लाद्यांमधील सांधा सिमेंटचा, आणि सिमेंट पाणी पिते. लीड्स येथील जोसेफ ॲस्पडिन याने १८२४ साली पोर्टलंड सिमेंटचे पेटंट घेतले आणि १९१४ साली पोरबंदर येथे त्याचे उत्पादन सुरू झाले. घाणीच्या चुन्याला रजा मिळाली ती तेव्हापासून. सिमेंट चुन्यापेक्षा बळकट खरे, पण हट्टी. चुना इमारतीबरोबर किंचित वाकतो, सिमेंट तडकते. तेव्हा लाद्यांच्या मागे पाणी अडवणारा एक थर हवाच, म्हणजे मोहेंजोदारोचे डांबर हवेच; आज त्याची जागा रासायनिक लेपांनी घेतली आहे एवढेच. लादी हा अंगरखा आहे, छत्री नव्हे.

आता खुंटीकडे वळू. वीट आणि सिमेंटची भिंत एकदा उभी राहिली की तिच्यात खिळा शिरत नाही. शिरला तर गिलावा उडतो. यावर सुताराचा उपाय म्हणजे गिट्टी. छिन्नीने वीतभर खड्डा पाडायचा, लाकडाचा ठोकळा बसवायचा, भोवती मसाला भरायचा आणि त्या लाकडात स्क्रू पिळायचा. न्हाणीघरात हे लाकूड ओलीने फुगते, वाळून आक्रसते, आणि एके दिवशी दांडी हातात येते. विजेच्या दिव्यांचा प्रसार झाल्यावर प्रत्येक भिंतीत असे शेकडो खड्डे पाडणे परवडेना. लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये विजेची उपकरणे भिंतीचे नुकसान न करता बसवावयाची होती. जॉन जोसेफ रॉलिंग्ज याने त्यावर युक्ती काढली आणि १९११ साली तिचे पेटंट घेतले. तागाचे धागे प्राण्यांच्या रक्ताने चिकटवून केलेली ती एक लहानशी नळी होती. बारीक भोकात ती सरकवली आणि आत स्क्रू पिळला की नळी फुगते व भोकाच्या कडांना घट्ट धरते. पुढे १९५८ साली जर्मनीत आर्टुर फिशर याने हीच नळी नायलॉनची केली. नायलॉन कुजत नाही, म्हणून ओल्या भिंतीला ती विशेष मानवली. आपले कारागीर मात्र तिलाही गिट्टीच म्हणतात. लाकूड गेले, नाव राहिले.

मात्र नळी फुगली तरी तिला दाबून धरणारी भिंत हवी. इथेच आजच्या घरांत घोटाळा होतो. लादीची जाडी सुमारे ८ मिलिमीटर, तिच्याखालचा मसाला १२ ते १५, त्याखालचा गिलावा तितकाच. म्हणजे ३५ मिलिमीटरची गिट्टी विटेपर्यंत पोहोचतच नाही, ती नुसत्या कातडीत अडकून राहते. साबणदाणीला ते चालेल. पण २५ लिटरच्या गीझरमध्ये पाण्याचेच वजन २५ किलो, वर त्याचे स्वतःचे निराळे. आणि घरातील वृद्धासाठी बसवलेल्या आधाराच्या दांडीचा विचार करा. पाय घसरला की माणसाचे सगळे वजन क्षणार्धात, तेही हिसक्यासह, तिच्यावर येते. ती त्या क्षणी उपटून आली तर ती नसती तर बरे, असे म्हणण्याची पाळी येते. कारण तिच्या भरवशावर हात भलतीकडे गेलेला असतो.

शिवाय भिंतीही आता जुन्या राहिल्या नाहीत. स्वीडनमध्ये १९२४ साली योहान एरिक्सन याने पेटंट घेतलेले फुगीर, हलके काँक्रीटचे ठोकळे आज आपल्या उंच इमारतींत सर्रास वापरले जातात. ते हाताने करवतीने कापता येतात, इतके मऊ असतात. अशा भिंतीत नेहमीची गिट्टी भोक मोठे करते आणि सुटते. तेथे त्या ठोकळ्यांसाठीच केलेली लांब गिट्टी, रासायनिक डिंकात रोवलेला गज, किंवा आरपार बोल्ट लागतो. अमेरिकेत ऑगस्टीन सॅकेट याने १८९४ साली पेटंट घेतलेल्या कागदी आवरणाच्या जिप्सम तक्त्यांची तर न्हाणीघराशी मैत्री होणे कठीणच. कागदाला बुरशी लागते, म्हणून ओल्या जागी सिमेंटचे तक्ते वापरतात. भिंतीला अधांतरी टांगलेले शौचपात्र पाहून पाहुणे चकित होतात. पण त्याचा भार बहुधा आत दडवलेल्या, जमिनीला जखडलेल्या पोलादी चौकटीवर असतो.

म्हणून ज्या घरी न्हाणीघराचे काम निघाले असेल त्यांनी गीझर व आधाराची दांडी कोठे येणार हे लाद्या बसण्यापूर्वी ठरवून त्या जागी भरीव काँक्रीट भरून घ्यावे, आणि नळांच्या वाटांचे एक छायाचित्र काढून ठेवावे. लादीला भोक पाडताना यंत्राचा ठोका बंद ठेवून नुसते फिरवूनच भोक पाडावे, नळाच्या सरळ वर किंवा खाली पाडू नये, आणि गिट्टी आत सरकवण्यापूर्वी त्या भोकात सिलिकॉन भरून घ्यावे.