टाकी चकाचक झाली, पण मासे का मेले? झाडांचा फिश टँक पुन्हा लावण्याआधी हे वाचा!

रविवारी फिश टँक रिकामा केला. खडी घासून धुतली, फिल्टरचा स्पंज नळाखाली पिळून पांढराशुभ्र केला, काचा लखलखीत. संध्याकाळी मासे परत सोडले. पाणी अगदी आरशासारखं. आणि बुधवारपर्यंत एकेक मासा वर येऊन तोंड उघडबंद करायला लागतो, मग उलटा तरंगतो. दुकानदार सांगतो, "नवीन पाणी लागलं नाही."

पाणी न लागणं म्हणजे नेमकं काय?

मासे कल्ल्यांतून सतत अमोनिया बाहेर टाकत असतात. उरलेलं खाद्य आणि सडकी पानं त्यात भर घालतात. हा अमोनिया त्यांच्यासाठी विषच असतो. जुन्या टाकीत मात्र काही जिवाणू त्याचं नायट्राइट करतात आणि दुसरे नायट्राइटचं नायट्रेट. मधलं नायट्राइटही घातक असतं. ते माशाच्या रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची ताकदच घालवतं, त्यामुळे पाण्यात प्राणवायू असूनही मासा गुदमरतो. शेवटचं नायट्रेट त्यामानाने गरीब, ते झाडं खाऊन टाकतात.

हे जिवाणू पाण्यात फारसे नसतात. ते स्पंजला, खडीला, लाकडाला चिकटून राहतात. म्हणून जुनं पाणी बादल्या भरभरून जपण्यात फारसा अर्थ नाही, पण तो कळकट स्पंज म्हणजे टाकीचा जीव! नळाच्या पाण्यातलं क्लोरीन या जिवाणूंना मारतं. ती वस्ती नव्याने बसायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात.

मुळात टाकी पूर्ण मोडायची गरज आहे का, हे आधी बघा. काचेचा जोड गळतोय, तळातली माती कुजून काळी पडलीये किंवा झाडांची मुळं गुंतून जाळं झालंय, तर ठीक. नुसतं शेवाळ वाढलं म्हणून टाकी मोडू नका. दिवा जास्त वेळ जळतोय किंवा खाद्य जास्त पडतंय, हे कारण तसंच राहिलं तर नव्या टाकीतही महिन्याभरात तेच शेवाळ दिसेल.

मोडायचीच असेल तर सगळ्यात आधी मासे बाहेर काढा. तळ ढवळला की त्यात साठलेला अमोनिया वर येतो. सडक्या अंड्यासारखा वास आला तर तो हायड्रोजन सल्फाइड, तोही विषारी. टाकीचंच वरचं स्वच्छ पाणी मोठ्या टबमध्ये घ्या, त्यात मासे ठेवा, हवेचा पंप लावा आणि जुना फिल्टर त्याच टबात चालू ठेवा. फिल्टर काही तास बंद राहिला तर प्राणवायूअभावी आतले जिवाणू मरायला लागतात. स्पंज धुवायचाच असेल तर टाकीतून काढलेल्या पाण्यात हलकेच पिळा. टबावर जाळी टाकायला विसरू नका, कारण घाबरलेला मासा सहज बाहेर उडी मारतो.

आता झाडं. इथे घाई नडते. टाकीत आधी दोन-तीन इंचच पाणी ठेवा, म्हणजे लावलेलं रोप तरंगून वर येत नाही. बाकी पानांवर अधूनमधून पाण्याचा फवारा मारत राहा. रोटाला, हायग्रोफिलासारख्या उभ्या वाढणाऱ्या झाडांचे वरचे ताजे शेंडे कापून लावा आणि खालच्या जुनाट काड्या टाकून द्या. अॅन्युबियास आणि जावा फर्न यांचा आडवा जाड कंद मातीत पुरला की तो सडतो. ही झाडं दगडाला किंवा लाकडाला दोऱ्याने बांधायची.

क्रिप्टोकोरिनचं वागणं वेगळंच. जागा बदलली की तिची पानं अक्षरशः विरघळतात. झाड मेलं समजून बरेच जण ते उपटून फेकतात. फेकू नका, मुळं जिवंत असतील तर काही आठवड्यांत नवी पानं फुटतात. बरं, हे काही फक्त परदेशी झाड नाही. क्रिप्टोकोरिनच्या काही जाती आपल्या पश्चिम घाटातही सापडतात.

पहिल्याच दिवशी दाट लावा. भराभर वाढणारी झाडं अमोनिया थेट शोषून घेतात, त्यामुळे जिवाणूंचा भार हलका होतो. दिवा सुरुवातीला रोज सहा तास पुरे. पाणी भरताना तळावर ताटली ठेवून तिच्यावर हळूहळू ओता, नाहीतर सगळी मेहनत उखडते. पहिल्या काही आठवड्यांत काचेवर तपकिरी थर येईल. तो सहसा आपोआप ओसरतो.

मासे कधी सोडायचे? जुना फिल्टर जिवंत असेल आणि खडी तीच असेल, तर क्लोरीन काढलेल्या, त्याच तापमानाच्या पाण्यात थोडे मासे लवकर सोडता येतात. पण नवीन अॅक्वासॉइल घातली असेल तर थांबा. ती स्वतःच सुरुवातीला अमोनिया सोडते, आणि तोवर माशांचा मुक्काम टबातच. त्यांना खाद्य कमी द्या आणि टबातलं थोडं पाणी रोज बदला. टेस्ट किटवर अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य आले की मगच मासे टाकीत. बोअरचं पाणी वापरत असाल तर जास्तच जपा. पाणी जितकं अल्कधर्मी, तितका अमोनिया जहाल. दुकानातली 'बॅक्टेरियाची बाटली' मदत करेलही, पण टेस्टची जागा ती घेऊ शकत नाही.

उरलेली झाडं आणि नको झालेले मासे नाल्यात किंवा नदीत सोडू नका. आपल्या नद्या गुदमरवणारी जलपर्णी मूळची दक्षिण अमेरिकेची, आणि शोभेची वनस्पती म्हणूनच ती जगभर पसरली. उजनी जलाशयात मच्छीमारांची जाळी फाडणारा सकर मासाही काचेच्या टाक्यांसाठीच आणला गेला होता. मासे दुकानदाराला परत द्या. झाडं उन्हात कडक वाळवा आणि कुंडीच्या खतात टाका. काढलेलं जुनं पाणीसुद्धा कुंड्यांनाच घाला, त्यातलं नायट्रेट तुळशीलाही चालतं.