लहान कागदावरची मोठी हवेली

हैदराबादेत मुसा नदीच्या उत्तर तीरावर, कोठी या नावाने ओळखल्या जाणाऱ्या भागात, इंग्रज रेसिडेंटाची जुनी हवेली उभी आहे. सहा कोरिंथियन स्तंभांची दर्शनी ओसरी, तिच्या माथ्यावर कंपनी सरकारचे चिन्ह, पायऱ्यांच्या दोन्ही अंगांस सिंह, असा तिचा थाट. जेम्स अकिलिस कर्कपॅट्रिक रेसिडेंट असताना, १८०३ च्या सुमारास, मद्रासच्या इंजिनिअर पलटणीतील लेफ्टनंट सॅम्युअल रसेल याच्या आराखड्यावरून ती बांधावयास घेतली. या हवेलीत शिजलेल्या राजकारणाविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. आज बोलावयाचे आहे ते तिच्या एका नकाशाविषयी, तिच्या एका छोट्या प्रतिकृतीविषयी आणि अशा प्रतिकृती आजकाल कशा होतात याविषयी.

निजाम अली खान म्हणजे १७९५ साली खर्ड्यास मराठ्यांपुढे हार पत्करलेला तोच निजाम. कर्कपॅट्रिकने त्याच्याकडे हवेलीसाठी जमीन मागितली व जागेचा नकाशा पुढे ठेवला. नकाशा भल्या थोरल्या कागदावर, बारकाव्यानिशी काढलेला होता. निजामाने तो न्याहाळला आणि साफ नकार दिला. रेसिडेंट खट्टू होऊन बाहेर आला, तेव्हा एका जाणत्या दरबाऱ्याने त्याला उलगडा करून दिला: तुमच्या कागदाचा आकार पाहून हुजूर दचकले, साऱ्या राज्याचा नकाशाही त्यांनी याहून फारसा मोठा पाहिलेला नाही. पुढच्या खेपेस तीच जागा, त्याच सीमा, एका लहानशा पुठ्ठ्यावर काढून नेल्या, आणि निजामाने आनंदाने होकार दिला!

ही आख्यायिका इंग्रजांनी सांगितलेली आहे, व देशी राजाला भोळा ठरविण्याची हौस तिच्यात लपत नाही. मला निजाम तितका भोळा वाटत नाही. १८०० च्या तहाने कडप्पा-बळ्ळारीकडील प्रांत ज्याच्या हातून कंपनीकडे गेले, त्याने इंग्रजाच्या हातातील मोठ्या कागदाला भ्यावे, यात हसण्यासारखे काय आहे? चूक एवढीच झाली की, प्रमाण न पाहता त्याने आकार पाहिला.

दुसरी गोष्ट कर्कपॅट्रिकच्या बेगमेची. खैरुन्निसा ही हैदराबादच्या बड्या घराण्यातील मुलगी. तिच्याशी त्याने मुसलमानी रीतीने विवाह केला. ती पडद्यात राहणारी, तिचा रंगमहाल हवेलीच्या मागील बागेत. दर्शनी बाजू तिला पाहता येणे शक्य नव्हते. म्हणून कर्कपॅट्रिकने अख्ख्या हवेलीची छोटी प्रतिकृती त्या बागेतच करून दिली, असे परंपरा सांगते. कर्कपॅट्रिक १८०५ साली कलकत्त्यास वारला, बेगम १८१३ साली गेली, रंगमहालही पुढे पाडला गेला. प्रतिकृती मात्र राहिली. झाडाची फांदी कोसळून तिचा एक पाखा चेंदला गेला होता. १९४९ पासून हवेलीत मुलींचे महाविद्यालय भरू लागले, आता तेथे महिला विद्यापीठ आहे. ज्या दर्शनी पायऱ्या बेगमेने केवळ खेळण्याएवढ्या पाहिल्या, त्यांवरून मुलींच्या पिढ्या चढल्या-उतरल्या.

तशी प्रतिकृती आज करावयाची झाल्यास गवंड्याऐवजी संगणकाकडे जावे लागते. संगणकाच्या पडद्यावर रेघा ओढण्याची युक्ती आयव्हन सदरलँड याने १९६३ साली अमेरिकेत दाखविली. पुढल्याच वर्षी तेथेच कुमार पटेल यांनी कार्बन डायऑक्साइड वायूचा लेसर सिद्ध केला. हे पटेल आपल्या बारामतीस जन्मलेले आणि पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकलेले. त्यांच्या लेसरचा किरण डोळ्यांस दिसत नाही. परंतु लाकूड, पुठ्ठा, अ‍ॅक्रिलिक यांत तो शोषला जातो आणि जाळीत जाळीत आपली वाट काढतो. हैदराबादेत २०२३ मध्ये सुरू झालेल्या टी-वर्क्ससारख्या कार्यशाळेत अशी यंत्रे आहेत. आराखड्यातील रेघ यंत्र वाचते व किरण तीवरून फिरवते.

येथे निजामाची चूक उलट्या अंगाने पुन्हा घडते. संगणकात हवेली खऱ्या मापाने काढतात; प्रमाण शेवटी ठरते. पडद्यावर चित्र हवे तेवढे मोठे करून पाहता येत असल्याने कठड्याची सळई तुळईएवढी भासते. पण शंभरास एक हे प्रमाण धरले की, चाळीस फुटांचा स्तंभ बारा सेंटिमीटरांचा होतो आणि एक इंच जाडीची सळई पाव मिलिमीटरची. किरण ज्या वाटेने जातो, तेथे एक-दोन दशांश मिलिमीटर माल जळून नाहीसा होतो. मग सळई उरणार कशी? म्हणून काय ठेवावे, काय गाळावे, आणि काय न कापता नुसते वरवर कोरावे, हे आधीच ठरविणे भाग असते. कापावयाच्या व कोरावयाच्या रेघांना निरनिराळे रंग देतात ते याचसाठी.

जळालेल्या वाटेचा हिशेब सांध्यांतही धरावा लागतो. तीन मिलिमीटरच्या तक्त्यासाठी बरोबर तीन मिलिमीटरची खाच काढली तर सांधा सैल पडतो, म्हणून खाच किंचित अरुंद काढतात. सुतार करवतीचा काप मनात धरून खूण करतो, त्यातलाच हा प्रकार. एकच रेघ नकळत दोनदा काढली गेली असेल तर किरण दोनदा जाऊन कड करपवतो. खिडक्या आधी कापाव्यात, भिंतीची बाह्यरेषा मागाहून. नाहीतर सुटलेली भिंत जागची हलते आणि खिडक्या वाकड्या पडतात. पीव्हीसीचा तक्ता तर यंत्राखाली मुळीच घालू नये, त्यातून क्लोरीनयुक्त विषारी वायू निघतात. कोणताही तक्ता पुरता कापण्यापूर्वी त्याच मालाच्या तुकड्यावर एक खाच कापून पाहावी. अर्ध्या तासाच्या या कामाला कंटाळणारा पुढे सारा दिवस घालवतो.

इतके करूनही रसेलचे सहा स्तंभ अडतातच. किरण सपाट तक्ता कापतो, त्याला गोल खांब घडविता येत नाही. गोल चकत्या कापून एकावर एक चिकटवाव्यात, किंवा सरळ कातारी गाठून लाकडाचे खांब उतरवून घ्यावेत. चकत्यांच्या खांबावर सांध्यांच्या करपट रेघा राहतात, त्या घासून रंगवाव्या लागतात. स्तंभशीर्षावरची पाने तर या प्रमाणात हातानेच करावी लागतात, कर्कपॅट्रिकच्या बागेत गिलाव्यावर काम करणाऱ्या त्या अनामिक कारागिराने केली तशी.