पुरवठादार जोखीम व्यवस्थापक

संस्थेची कामे बाहेरून करून देणाऱ्या कंपन्यांमुळे उद्भवणारे धोके जोखून त्यांवर नियंत्रण ठेवणारा अधिकारी. बँका कामे बाहेर सोपवू लागल्या, तसे हे पद आकारास आले. रिझर्व्ह बँकेने 2006 मध्ये वित्तीय सेवांच्या आणि 2023 मध्ये माहिती-तंत्रज्ञान सेवांच्या बाह्यस्रोतीकरणाबाबत निर्देश काढले. काम सोपवले तरी उत्तरदायित्व बँकेचेच, हे त्यांचे सूत्र (पहा : भारतीय रिझर्व्ह बँक). निवडीपूर्वी पुरवठादाराचे ताळेबंद व माहिती-सुरक्षा तपासणे, करारात लेखापरीक्षणाचा हक्क राखणे, उपकंत्राटदारांची नोंद ठेवणे व पर्यायी व्यवस्थेची चाचणी घेणे, ही त्याची कामे होत.

करार चोख असला की पुरे, असा आक्षेप घेतला जातो. परंतु करारामुळे भरपाई मिळते, थांबलेला व्यवहार सुरू होत नाही. 31 जुलै 2024 रोजी रॅन्समवेअर हल्ल्यामुळे राष्ट्रीय देयक महामंडळाने सी-एज टेक्नॉलॉजीजला देयक-प्रणालीपासून तात्पुरते अलग केले, तेव्हा या कंपनीवर विसंबलेल्या सहकारी व ग्रामीण बँकांच्या ग्राहकांचे देयक-व्यवहार खोळंबले (पहा : सहकारी बँका). पिशोरसारख्या (ता. कन्नड, जि. छत्रपती संभाजीनगर) गावातील खातेदाराला शाखेची खिडकी तेवढी दिसते, तिच्यामागील पुरवठादारांची साखळी तपासणे, हे या पदाचे महत्त्व.