आधी लिहून द्या

‘हरकती व सूचना मागवण्यात येत आहेत’ हे वाक्य मराठी वाचकाला नवे नाही. रस्ता, खाण, बंदर, औष्णिक प्रकल्प, काहीही यायचे असले की वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर ते बारीक टाइपात छापून येते. निर्णय कधीच झालेला असणार, असे मनाशी म्हणत आपण पान उलटतो. अमेरिकेच्या नौदलाला हाच सोपस्कार गेल्या अर्धशतकात वारंवार पार पाडावा लागला आहे. तोफांचा मारा, बॉम्बफेक, पाणबुडी हुडकणारे सोनार यांचे सराव करण्याआधी समुद्रावर आणि समुद्रातल्या जिवांवर काय परिणाम होईल याचा अहवाल करायचा, मसुदा लोकांपुढे ठेवायचा, हरकती ऐकायच्या, त्यांना लेखी उत्तरे द्यायची आणि मगच पुढे जायचे. ही प्रक्रिया निव्वळ दिखाऊ आहे असे पर्यावरणवाद्यांमधले अनेक जण म्हणतात, आणि ती देशाच्या संरक्षणातली लुडबूड आहे असे नौदलाच्या बाजूचे अनेक जण म्हणतात. हवाई आणि कॅलिफोर्नियाच्या समुद्राचा इतिहास पाहिला तर दोघांचेही पूर्ण खरे ठरत नाही. या सुनावणीला सराव थांबवण्याचा अधिकार नव्हता आणि आजही नाही. पण आपण काय करणार आणि त्याने काय बिघडेल, हे तिने नौदलाला आधी कागदावर मांडायला लावले. पुढे जे काही बदलले, त्यातले बरेचसे त्या कागदामुळे बदलले.

या सगळ्याचे मूळ राष्ट्रीय पर्यावरण धोरण कायद्यात आहे. १ जानेवारी १९७० रोजी राष्ट्राध्यक्ष रिचर्ड निक्सन यांनी त्यावर सही केली. पर्यावरणावर मोठा परिणाम करणारे कोणतेही काम हाती घेण्याआधी केंद्र सरकारच्या प्रत्येक खात्याने तपशीलवार निवेदन तयार करावे, आणि तेच काम दुसऱ्या कोणत्या मार्गाने होऊ शकते याचाही विचार त्यात करावा, अशी त्यातली मुख्य अट. लष्कराला या अटीतून सरसकट सूट दिलेली नव्हती. १९७८ मध्ये नियम आले आणि मसुदा प्रसिद्ध करणे, हरकतींसाठी किमान ४५ दिवस देणे, अंतिम अहवालात हरकतींना उत्तरे देणे ही पद्धत पक्की झाली. हा कायदा कशाची सक्ती करत नाही, तेही लक्षात ठेवले पाहिजे. १९८९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की खात्याने अज्ञानात निर्णय घेऊ नये एवढेच हा कायदा पाहतो. माहिती असूनही घेतलेला चुकीचा निर्णय तो अडवत नाही. म्हणजे सगळे परिणाम नीट लिहून काढल्यावर नौदल तोच सराव त्याच जागी करायला मोकळे होते. एवढ्या लंगड्या कायद्याने काय साधणार, हा प्रश्न म्हणूनच रास्त आहे. त्याचे उत्तर पहिल्यांदा मिळाले ते हवाईतल्या एका ओसाड बेटावर.

काहोओलावे हे माउईजवळचे सुमारे ११६ चौरस किलोमीटरचे बेट. १९४१ मध्ये पर्ल हार्बरवर हल्ला झाला आणि लष्कराने ते ताब्यात घेतले. १९५३ मध्ये राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांच्या आदेशाने ते अधिकृतपणे नौदलाकडे गेले. पुढची कित्येक वर्षे युद्धनौका आणि विमाने तिथे नेम धरत राहिली. १९६५ मध्ये तर अणुस्फोटाचा धक्का जहाजांना कितपत सोसतो हे पाहण्यासाठी किनाऱ्यावर पाचशे पाचशे टन टीएनटीचे तीन स्फोट केले गेले. मूळ हवाईयन लोकांच्या दृष्टीने हे बेट पवित्र होते, पण त्यांना विचारण्याची कोणाला गरज वाटली नव्हती. जानेवारी १९७६ मध्ये काही कार्यकर्ते बंदी मोडून बेटावर उतरले आणि त्याच वर्षी त्यांच्या संघटनेने केंद्रीय न्यायालयात दावा लावला. बॉम्बफेक थांबवा, ही मागणी थेट मान्य होणे अवघड होते. म्हणून पर्यावरणाचा कायदा आणि ऐतिहासिक वास्तूंच्या जतनाचे नियम नौदलाने पाळलेले नाहीत, हा मुद्दा त्यांनी पुढे केला. १९७७ मध्ये न्यायालयाने अहवाल करण्याचा आणि बेटावरच्या प्राचीन स्थळांची पाहणी करून ती जपण्याचा आदेश दिला. बॉम्बफेक त्यानंतरही चालू राहिली. पण पाहणीत पाचशेहून अधिक स्थळे नोंदली गेली. १९८१ मध्ये अख्खे बेट ऐतिहासिक स्थळांच्या राष्ट्रीय नोंदणीत आले, आणि ज्याला आजवर चांदमारीचे मैदान म्हटले जात होते तिथे वस्ती होती, देवस्थाने होती, हे सरकारदरबारी कायमचे नमूद झाले. त्याआधी १९८० च्या तडजोडीने हवाईयन लोकांना ठरावीक दिवशी बेटावर जाण्याचा हक्क मिळाला होता. १९९० मध्ये थोरल्या बुश यांनी मारा थांबवला, १९९४ मध्ये बेट हवाई राज्याला परत मिळाले आणि सफाईसाठी संसदेने ४० कोटी डॉलरची तरतूद केली. दहा वर्षांनी ते काम संपले तेव्हाही सुमारे पाव बेट साफ व्हायचे राहिलेच होते.

यावर पहिला आक्षेप असा की बेट परत मिळाले ते चळवळीमुळे. त्यात कागदाचे श्रेय काय? या लढ्यात मार्च १९७७ मध्ये जॉर्ज हेल्म आणि किमो मिचेल हे दोन तरुण समुद्रात कायमचे बेपत्ता झाले. त्यांच्या त्यागापुढे अहवाल आणि परिशिष्टे यांची भाषा थिटी वाटते, हे कबूल केले पाहिजे. प्वेर्तो रिकोतल्या व्हिएकेस बेटाचे उदाहरण तर हा आक्षेप आणखी धारदार करते. तिथला नौदलाचा मारा पाण्याच्या प्रदूषणाच्या कायद्यात बसत नसूनही १९८२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो लगेच थांबवणे बंधनकारक मानले नाही. १९९९ मध्ये भरकटलेल्या बॉम्बने डेव्हिड सानेस हा सुरक्षारक्षक ठार झाला, हजारो लोक रस्त्यावर उतरले, २००१ च्या सार्वमतात दोनतृतीयांशाहून अधिक मते तात्काळ बंदीच्या बाजूने पडली, आणि २००३ मध्ये नौदल तिथून गेले. चळवळीवाचून हे घडले नसते, हे खरेच आहे. पण या दोन कथांमध्ये एक फरक आहे. काहोओलावेत न्यायालयातल्या दाव्याने चळवळीला बेटावर पाय ठेवण्याचा कायदेशीर हक्क दिला आणि सरकारच्याच पाहणीतून निघालेला पुरावा तिच्या हाती ठेवला. चळवळीचा जोर ओसरतो, नेते जातात, वर्तमानपत्रांचे लक्ष दुसरीकडे वळते; सरकारी नोंद मात्र पुढच्या पिढीच्या वकिलालाही वापरता येते.

जमिनीवर पडलेला बॉम्ब डोळ्यांना दिसतो, पण पाण्याखालचा आवाज दिसत नाही. म्हणून सोनारच्या बाबतीत लिहून घेण्याचे महत्त्व अधिकच वाढले. मे १९९६ मध्ये ग्रीसच्या किनाऱ्यावर चोचीच्या जातीचे डझनभर देवमासे जागोजाग वाळूवर येऊन पडले. त्याच दिवसांत त्या समुद्रात नाटोच्या सोनार चाचण्या चालू होत्या. १९९८ मध्ये हा संबंध ‘नेचर’ या नियतकालिकात मांडला गेला. मार्च २००० मध्ये बहामाच्या बेटांवर सतरा देवमासे व डॉल्फिन किनाऱ्याला लागले. त्या वेळी अमेरिकन युद्धनौका जवळच्या खाडीत सोनारचा सराव करत होत्या, आणि डिसेंबर २००१ मध्ये खुद्द नौदलाने मत्स्य खात्यासोबत काढलेल्या अहवालात त्याचे सर्वांत संभाव्य कारण म्हणून सोनारच पुढे आले. याच काळात कमी कंप्रतेच्या नव्या सोनारची कथा घडत होती. ते गुपचूप विकसित होत असताना नव्वदच्या दशकाच्या मध्यावर पर्यावरण संघटनांना त्याचा सुगावा लागला. अहवालाची मागणी झाली, १९९६ मध्ये नौदलाने अहवाल करत असल्याचे जाहीर केले आणि २००१ मध्ये तो अंतिम झाला. त्याच अहवालातल्या त्रुटी दाखवत संघटना न्यायालयात गेल्या, आणि २००३ मध्ये शांतताकाळात हे सोनार पॅसिफिकच्या ठरावीक भागापुरतेच वापरण्याची तडजोड झाली. कागद नसता तर त्रुटी तरी कशात दाखवणार होते?

यानंतरचा खटला सर्वांत मोठा, आणि तो नौदलाने जिंकला. २००७ मध्ये दक्षिण कॅलिफोर्नियाच्या समुद्रात चौदा सराव ठरले. नौदलाने संपूर्ण अहवालाऐवजी एक छोटे मूल्यमापन केले आणि परिणाम लक्षणीय नाही असा निष्कर्ष काढला. मात्र त्याच कागदात सागरी सस्तन प्राण्यांच्या वागणुकीत सुमारे १,७०,००० वेळा व्यत्यय येईल, ८,००० हून अधिक वेळा तात्पुरता बहिरेपणा येईल आणि ५६४ वेळा शारीरिक इजा होईल, असा अंदाज होता. यातल्या ४३६ इजा चोचीच्या देवमाशांच्या एकाच जातीच्या होत्या. हे आकडे सर्वाधिक वाईट शक्यता धरून काढलेले आहेत, प्रत्यक्षात चाळीस वर्षांत त्या पट्ट्यात सोनारमुळे इजा झाल्याची नोंद नाही, असे नौदलाचे म्हणणे होते. संघटनांच्या दाव्यावर खालच्या न्यायालयाने सहा अटी घातल्या. नोव्हेंबर २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नौदलाच्या बाजूने कौल दिला. पाणबुड्यांविरुद्ध खरा सराव मिळणे यातच मोठे सार्वजनिक हित आहे, असे सरन्यायाधीश रॉबर्ट्स यांनी मानले. पण नौदलाने आव्हान दिले होते ते सहांपैकी दोनच अटींना. किनाऱ्यापासून बारा मैलांत सोनार न वापरणे, टेहळणी वाढवणे अशा उरलेल्या चार अटी तशाच राहिल्या. न्यायमूर्ती गिन्सबर्ग यांनी मतभेद नोंदवताना नेमके वर्मावर बोट ठेवले. संपूर्ण अहवाल जानेवारी २००९ मध्ये यायचा होता, म्हणजे सराव उरकल्यानंतर. काम झाल्यावर आलेला अहवाल आणि आधी आलेला अहवाल यांत लग्नानंतर पत्रिका जुळवण्याइतके अंतर आहे.

दुसरा आक्षेप गुप्ततेचा. सरावाची जागा, वेळ, सोनारची ताकद उघड झाली तर शत्रूलाच मदत होणार, असे म्हटले जाते. यात तथ्य आहे, आणि अमेरिकेच्या कायद्याने ते केव्हाच मान्य केले आहे. ओआहू बेटावरच्या शस्त्रागारात अण्वस्त्रे ठेवण्याच्या प्रश्नावर १९८१ मध्येच सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की गोपनीय माहिती जनतेपुढे मांडण्याची सक्ती नौदलावर नाही; मूल्यमापन मात्र खात्याने आपल्यापुरते करायचेच. म्हणजे गुपित जपण्याचा रस्ता आधीपासून मोकळा आहे. शिवाय या अहवालांत असते ते काय? कोणत्या पट्ट्यात वर्षभरात साधारण किती तास सोनार वाजेल, कोणत्या जातींवर परिणाम होईल, कोणत्या महिन्यांत देवमासे तिथे असतात. पाणबुडीचा कप्तान यातून काही शिकेल असे वाटत नाही. मच्छीमार आणि जीवशास्त्रज्ञ मात्र शिकतात.

तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार आहे. हजारो पानांचे अहवाल कोणी वाचत नाही, हरकतींना साचेबंद उत्तरे मिळतात आणि शेवटी नौदलाला हवे तेच होते. हवाई आणि दक्षिण कॅलिफोर्नियाच्या एकत्रित सरावांसाठी २०१३ मध्ये झालेल्या पाच वर्षांच्या योजनेत सागरी सस्तन प्राण्यांना सुमारे ९६ लाख वेळा त्रास होईल, असा अंदाज होता. एवढे छापूनही परवानगी मिळालीच. पण पुढे काय झाले तेही पाहावे. मार्च २०१५ मध्ये हवाईतल्या केंद्रीय न्यायाधीश सुसान मोलवे यांनी याच आकड्यांवर बोट ठेवत, संवेदनशील पट्टे वगळण्याच्या पर्यायाचा गंभीर विचार झाला नाही, असा ठपका ठेवला. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये नौदलाने काही ठरावीक पट्ट्यांत सोनार व स्फोटके न वापरण्याचे मान्य केले. विज्ञानाचेही असेच झाले. ‘परिणाम लक्षणीय नाही’ असे पुन्हा पुन्हा लिहायचे तर आधार हवा, म्हणून नौदल स्वतःच या संशोधनाचा मोठा आश्रयदाता बनले. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, नौदलाच्याच पैशाने झालेल्या प्रयोगांत सोनारसारखा आवाज ऐकून निळे देवमासे आणि चोचीचे देवमासे खाणे सोडून दूर जातात असे दिसले. आपल्या गैरसोयीचा पुरावा आपणच पैसे देऊन गोळा करावा, अशी वेळ एखाद्या संरक्षण दलावर येते, ती लेखी उत्तराची सक्ती असल्यामुळेच.

भारतात ही सक्ती नाही. १४ सप्टेंबर २००६ च्या पर्यावरण परिणाम अधिसूचनेत राष्ट्रीय संरक्षण व सुरक्षेशी निगडित प्रकल्पांना जनसुनावणीतून वगळले आहे, आणि कोणता प्रकल्प त्यात बसतो हे केंद्र सरकारच ठरवते. मुंबईच्या माझगाव डॉकमध्ये बांधलेली ‘आयएनएस सह्याद्री’ २०१४ मध्ये हवाईच्या ‘रिमपॅक’ सरावात उतरली. त्या समुद्रात होणाऱ्या सरावांच्या परिणामांचा हिशेब अमेरिकेत मसुदा म्हणून लोकांपुढे ठेवला गेला होता. घरच्या किनाऱ्यावरच्या सरावांबाबत तसा हिशेब मागण्याची तरतूद आपल्या मच्छीमाराला या अधिसूचनेत सापडत नाही.

अमेरिकेतही हा पाया आता डळमळतो आहे. २०२३ च्या दुरुस्तीने अहवालाला साधारण १५० पानांची आणि दोन वर्षांची मर्यादा घातली. पानांचा पसारा पाहता ती समजण्यासारखी आहे. चांगला अहवाल जाडजूड असलाच पाहिजे असे नाही. २०२५ मध्ये मात्र १९७८ पासून चालत आलेले सर्वसाधारण नियमच रद्द झाले, आणि मसुदा प्रसिद्ध करून हरकतींना उत्तरे देण्याची पद्धत त्याच नियमांवर उभी होती. पानांची मर्यादा आणि मसुद्याची सक्ती या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली कमी झाल्याने फारसे बिघडणार नाही. दुसरी गेली तर काहोओलावेच्या पाहणीसारखी, १,७०,००० च्या अंदाजासारखी, ९६ लाखांच्या आकड्यासारखी नोंद सरावाच्या आधी लोकांच्या हाती येणारच नाही, आणि मग न्यायालयातही विरोधकांकडे आरोप तेवढे उरतील. सुनावणीतल्या माणसाला मताधिकार द्यावा की नाही, यावर वाद होऊ शकतो. संरक्षणाचा विषय असल्याने न देण्याच्या बाजूनेही बरेच बोलता येईल. पण ज्याला तो अधिकार देता येत नाही, त्याला निदान आधी लिहून द्यावे, हे देणे कोणत्याही नौदलाला परवडते. गेल्या पन्नास वर्षांचा हिशेब सांगतो की त्याने युद्धसज्जता बुडालेली नाही, आणि समुद्राच्या वाट्याला जे थोडेफार संरक्षण आले त्यातले बरेचसे तिथूनच आले.